घंटेच्या पिक्चरचा शेवट

"हात धर मना," नाना म्हणाले. "पातं हालस."

पातं हलत नव्हतं, नानांचा हात हलत होता. पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही चूक हत्याराचीच असते. मी त्यांचं मनगट धरलं. स्वयंपाकाच्या ओट्यावर पोळपाट उलटा घालून त्यावर त्यांनी फिल्मचं टोक चिकटपट्टीने बसवलं होतं. दाढीच्या पात्याने वरचा थर हलके खरवडायचा, सिमेंट लावायचं, दुसरं टोक त्यावर ठेवून दाबायचं आणि वीस आकडे मोजायचे. सिमेंट म्हणजे घर बांधायचं नव्हे, फिल्म चिकटवायचं. नेलपॉलिशएवढ्या बाटलीत येतं. ती बाटली आणि पिक्चरचं शेवटचं रीळ धुळ्याला देवपूरच्या कॉलेजातले स्वप्नील सर परवा घरी आणून देऊन गेले होते. "नाना, जोड तुमच्याच हातचा हवा," असं म्हणाले आणि पाया पडून गेले.

"कुंदन कोठे शे?" नानांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"शाळामा. तुम्हीच त धाडं त्याले."

"यी जाई त?"

"पाच वाजता घंटा झाल्याबिगर तो येस का कधी?"

नानांनी वीसपर्यंत मोजलं, अंगठा उचलला आणि जोड उजेडाकडे धरून पाहिला. मग बाजूच्या पत्र्याच्या डब्यातला उरलेला तुकडा हळूहळू रिळावर गुंडाळायला घेतला. डब्यातून आंबलेल्या ताकासारखा वास येत होता. चार मिनिटांची फिल्म होती ती. एकोणचाळीस वर्षं आमच्या घरात, गव्हाच्या कोठीमागे पडून होती आणि ती तिथं आहे हे मला गेल्या मे महिन्यात कळलं.

आमचे नाना, म्हणजे रतिलाल ऑपरेटर. एरंडोलच्या टॉकीजमध्ये चौतीस वर्षं मशीन चालवली. टॉकीज बंद पडली तेव्हा मालकाने त्यांना केबिनमधलं स्टूल भेट दिलं. त्या स्टुलावर बसून ते आता भाजी निवडतात. चौतीस वर्षं मशीनच्या घरघरीशेजारी काढल्यामुळे कानाने जवळजवळ गेलेत. कानाशी तोंड नेऊन बोललं तर ऐकू येतं, नाहीतर ते नुसतं तोंडाकडे बघतात आणि हसतात. पुष्कळ लोकांना वाटतं, किती समाधानी म्हातारा आहे.

आणि कुंदन माझा धाकटा भाऊ. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, आता अठ्ठेचाळीस. त्याचं डोकं सावकाश चालतं. हे मी सरळ सांगते, कारण आमच्या घरात ते कुणी कधी सरळ सांगितलं नाही. आई म्हणायची, "त्याना मन लागत नही." नाना म्हणायचे, "यी जाई त्याले. टाईम लागस." सातवीपर्यंत शाळेने त्याला ढकलत नेलं आणि मग ढकलायलाही कुणी उरलं नाही.

तो नऊ वर्षांचा असताना घंटेचा पिक्चर आला. नाव काहीतरी वेगळं होतं, पण अख्खा खानदेश त्याला घंटेचा पिक्चर म्हणायचा. जुना, काळा-पांढरा, सगळ्या घराने मिळून बघायचा हसण्याचा पिक्चर. त्या वर्षापासून दर मे महिन्यात सुट्ट्या लागल्या की भुसावळच्या वितरकाकडून त्याची प्रत यायची. त्यात बाळू नावाचा एक ठोंब्या विद्यार्थी असतो. सगळ्या विषयांत नापास. एके दिवशी शाळेची पितळी घंटा आकड्यातून सुटते आणि त्याच्या डोक्यात पडते. शुद्धीवर येतो तो बृहस्पती होऊनच. आगगाडीचं वेळापत्रक तोंडपाठ, संस्कृत तोंडपाठ, तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरचीच तो परीक्षा घेतो आणि इन्स्पेक्टर खुर्चीवरून खाली पडतो. बाळूचा बाप शिंपी असतो. तो पोराला आधी "अरे ठोंब्या" म्हणत असतो, मग "अहो बाळासाहेब" म्हणायला लागतो आणि त्याच्या सदऱ्याचं माप घेताना हात जोडतो. लोक हसून हसून लोळायचे.

कुंदन हसला नाही. तो केबिनमध्ये नानांच्या स्टुलावर उभा राहून भिंतीतल्या भोकातून पडदा बघत होता. शेवटाकडे दुरुस्तीला काढलेली घंटा पुन्हा बाळूच्या डोक्यात पडते आणि त्याची सगळी अक्कल निघून जाते. पेपरात तो फक्त स्वतःचं नाव लिहून येतो. कुंदन त्या दिवशी जेवला नाही. अंथरुणावर उताणा पडून त्याने एवढंच विचारलं, "नाना, त्यानी अक्कल काब गई?"

दुसऱ्या दिवशी मॅटिनीच्या आधी नानांनी पातं घेतलं. घंटा दुसऱ्यांदा पडते तिथपासून "समाप्त"च्या पाटीपर्यंतचा तुकडा कापला, दोन्ही टोकं जोडली आणि तुकडा डब्यात घालून घरी आणला. आता पिक्चर संपायचा तो बाळूच्या मिरवणुकीवर. गळ्यात हार, बैलगाडी, पुढे बँड आणि समाप्त. आठवडा संपल्यावर प्रत तशीच भुसावळला परत गेली. ऑपरेटर लोक फाटलेले तुकडे काढतच असतात, वितरकाने विचारलंसुद्धा नाही. पुढची कित्येक वर्षं जामनेरपासून धुळ्यापर्यंत सगळ्या पोरांनी तो पिक्चर तसाच पाहिला. एका बापाने आपल्या पोरासाठी अख्ख्या खानदेशाला फसवलं आणि खानदेशाने टाळ्या वाजवल्या.

कुंदन त्या आठवड्यात रोज तिन्ही शो खाली प्रेक्षकांत बसून बघत होता. हुशार झालेला माणूस हुशारच राहतो, हे त्याने सात दिवस पाहिलं.

त्यानंतर तो शाळेच्या घंटेखाली जाऊन उभा राहायला लागला.

सुरुवातीला पोरं हसायची, मास्तर हाकलायचे. सातवीनंतर शाळा सुटली तरी तो जायचा. पुढे धनसिंग शिपाई निवृत्त झाला आणि घंटेचा हातोडा आपोआप कुंदनच्या हातात आला. शाळेच्या कुठल्याही पटावर त्याचं नाव नाही, ना मुलांत ना नोकरांत. पण तीस वर्षं झाली, घंटा तोच वाजवतो. बाकी कुणीही माणूस घंटा वाजवताना बाजूला उभा राहतो, हात लांब करतो, कारण आवाज कानात घुसतो. कुंदन बरोबर खाली उभा राहतो, मान वर करून, टोला सरळ वर मारतो. एकदा मुख्याध्यापकांनी गंजलेला आकडा काढून नवी साखळी बसवली, तर हा दोन दिवस जेवला नाही.

आणि दरवर्षी दहावीचा फॉर्म. पहिल्यांदा सतरा नंबरचा, मग रिपीटरचा. नाना स्वतः फोटो काढून आणायचे, स्वतः रांगेत उभे राहायचे. कुंदन नवीन पेन घेऊन मार्चमध्ये परीक्षेला बसायचा, शेजारच्या बाकांवर त्याच्या वयाच्या माणसांची पोरं. कोरोनाच्या वर्षी परीक्षाच झाली नाही, बहुतेक सगळ्यांना पास करून टाकलं. नेमकी त्याआधीच्या डिसेंबरात आमची आई गेली आणि कुंदनचा फॉर्म भरायचा राहिला. नाना त्यावर कधीच बोलले नाहीत. मी मात्र अजून कधीतरी जळगावच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत ड्यूटीवर बसल्या बसल्या त्याचा विचार करते आणि समोरचा प्रवासी पाचोऱ्याची गाडी विचारत असतो ते मला ऐकूच येत नाही.

माझ्याबद्दलही सांगून टाकते, म्हणजे मन मोकळं होईल. मी दहावीला तालुक्यात मुलींत पहिली आले. नानांनी गुणपत्रक हातात घेतलं, चष्मा लावून वाचलं, "बरं शे," म्हणाले आणि मॅटिनीला गेले. माझ्यासाठी कुणी काही कापलं नाही आणि काही जोडलं नाही. मला त्याचा राग होता आणि अजून थोडा आहे.

मे महिन्यात नानांच्या छातीत कळ आली. जळगावला दवाखान्यात आठ दिवस काढले. नाना बरे झाले, पण डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. मी कुंदनला म्हटलं, नानांना घेऊन तू माझ्याकडे जळगावला चल, कायमचा. त्याने मान हलवली.

"नही येवाव, अक्का. घंटा कोन वाजाडी?"

"दुसरं कोणी वाजाडी."

"आनि मी नही तठे, आनि पडनी त?" तो म्हणाला. "दुसराना डोकावर पडी ना मंग ती."

नाना पलंगावर होते. त्यांना ऐकू आलं नसणार, पण त्यांना ते तोंडावरून कळलं. कुंदन चहा आणायला गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कोठीमागच्या डब्याची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ते रडत नव्हते, पण बोलताना चादरीचा काठ सारखा दुमडत होते.

"मी जासू, मंग बी हाऊ तठेच हुबा ऱ्हाई," ते म्हणाले. "घंटाखाले. म्हातारा व्हई तठे. त्याले शेवट दखाडना पडी, कामिनी."

"मग तोंडी सांगा ना त्याले."

"सांगीसन त्याले खरं वाटाव नही. त्याले पिक्चरनंच खरं वाटस."

त्याच सुमारास स्वप्नील सरांचा फोन आला, हा योगायोग मला अजून पटत नाही. भुसावळला भंगारात निघालेली घंटेच्या पिक्चरची प्रत त्यांनी मिळवली होती. शेवटचं रीळ तोकडं होतं. एका जुन्या ऑपरेटरने जोड पाहून सांगितलं होतं, असा तिरपा जोड फक्त एरंडोलचा रतिलाल मारतो. तुकडा नानांनी जपून ठेवलाय, एवढंच मी सरांना सांगितलं.

म्हणून मी रजा घेऊन आले होते, म्हणून ओट्यावर पोळपाट उलटा होता. कुंदन संध्याकाळी शाळेतून आला तेव्हा रीळ डब्यात बंद होतं. रविवारी घंटेचा पिक्चर बघायला धुळ्याला जायचं म्हटल्यावर त्याने आपला परीक्षेचा पांढरा सदरा स्वतः धुऊन वाळत घातला.

रविवारी आम्ही तिघं पारोळ्यावरून एसटीने धुळ्याला गेलो. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात पोचलो तेव्हा दोन वाजले होते. कॉलेजचं सभागृह, चाळीस-पन्नास विद्यार्थी, थोडे पेन्शनर. सरांनी आधी सत्कार ठेवला होता. मला कल्पना नव्हती, नाहीतर मी तो होऊ दिला नसता. नानांना स्टेजवर बसवलं, शाल घातली, नारळ दिला. सर माइकवर म्हणाले, "ह्या पिक्चरचा मूळ शेवट कुठंतरी कापला गेला होता. जगात तो कुठंच उरला नव्हता. रतिलाल नानांनी तो चाळीस वर्षं पोटच्या पोरासारखा जपला."

टाळ्या झाल्या. नानांना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी माइकसाठी हात पुढे केला आणि सरांनी तो कौतुकाने त्यांच्या तोंडाशी धरला.

"जपं नही," नाना म्हणाले. "मीच कापं व्हतं."

लोकांना तो विनय वाटला. आणखी टाळ्या झाल्या. कुंदन मात्र वाजवत नव्हता. तो नानांकडे बघत होता, एखादं अवघड गणित फळ्यावर लिहिल्यावर बघायचा तसा.

पिक्चर सुरू झाला. नाना आमच्या मध्ये बसले होते, मांडीवर नारळ. कुंदनला प्रत्येक वाक्य पाठ होतं. पडद्यावरचा माणूस बोलायच्या आधी त्याचे ओठ हलायचे. इन्स्पेक्टर पडला तेव्हा कॉलेजची पोरं खदखदली आणि कुंदन त्यांच्याकडे वळून अभिमानाने बघायला लागला, जणू ते त्याच्याच घरचं कार्य होतं. मिरवणूक आली. हार, बैलगाडी, बँड. कुंदन सवयीने उठून उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. पडद्यावर टक् करून जोड सरकला, आणि पिक्चर संपला नाही.

"कुंदन, बठ," मी म्हटलं.

तो बसला. घंटा पडली. पोरं हसली. बाळू डोकं चोळत उठला आणि त्याला काहीच येईना. मी कुंदनकडे बघत होते आणि नानाही पडदा सोडून त्याच्याकडेच बघत होते. त्याचे ओठ बंद होते. इथून पुढचं त्याला पाठ नव्हतं. पेपर, कोरी पानं, वर फक्त नाव. कुंदनने पांढऱ्या सदऱ्याचं शेवटचं बटण धरून ठेवलं होतं. मला वाटलं, उठावं आणि ते मशीन बंद करावं. कशाला हा उपद्व्याप केला आपण, असं मला फार मनापासून वाटलं.

मग बाळू घरी येतो. हे मी कधी पाहिलेलं नव्हतं, मला वाटलं नापास झाल्यावर लगेच समाप्त असेल. बाळू दारात उभा राहतो, हातात निकालाचा कागद. बाप मशीनवर शिवत बसलेला. तो कागद बघतो, चष्मा काढतो आणि थोडा वेळ पोराकडे पाहत राहतो. मग म्हणतो, "आलास? अरे, इतके दिवस कुठं गेला होतास? मी तुझीच वाट बघत होतो. ये रे माझ्या ठोंब्या, ताट गार होतंय." आणि दोघं एका ताटात जेवायला बसतात. त्यावर समाप्तची पाटी येते.

दिवे लागले. पोरं टाळ्या वाजवत होती. नानांनी माझं कोपर हलवलं.

"तो बाप काय म्हने?" त्यांनी विचारलं. "तोंड हालताना दिखनं."

मी त्यांच्या कानाकडे वळले. पण माझ्याआधी पलीकडून कुंदन वाकला, नानांच्या कानाशी तोंड नेलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "तो म्हने, इतला दिन कोठे गयथा? मी तुनीच वाट देखत व्हतू."

नानांनी चष्मा काढला.

"हाई काब कापेल व्हतं, नाना?" कुंदनने विचारलं. रागाने नाही. त्याला खरंच कळत नव्हतं. "हाई त चांगलं व्हतं."

मला समजलं. केबिनमध्ये बाहेरचा आवाज येत नाही. शेवटचं रीळ लागलं की ऑपरेटर पुढच्या शोसाठी आधीची रिळं उलटी गुंडाळायला घेतो, मध्येच भोकातून डोकावतो. नानांनी बाळूचा निकाल पाहिला होता, बापाचं तोंड हलताना पाहिलं होतं, आणि त्यांना वाटलं होतं बाप रागावतोय. ह्या घरातलं पोर ज्या एका वाक्यासाठी आयुष्यभर तहानलेलं राहिलं, ते वाक्य त्यांनीच डब्यात घालून गव्हाच्या कोठीमागे ठेवलं होतं.

"मी देखं व्हतं रे," नाना कसेबसे म्हणाले. "आयकं नव्हतं. मशीनना आवाज व्हता तठे."

कुंदनने मान हलवली. त्याला मशीनचा आवाज माहीत होता. त्याने नानांच्या मांडीवरून घरंगळणारा नारळ धरला आणि आपल्या पिशवीत ठेवला.

परतीच्या गाडीत नाना खिडकीशी होते, शाल अंगावर तशीच. पारोळा गेल्यावर कुंदन म्हणाला, "आते फॉर्म नका भरू, नाना." ते त्यांना ऐकू गेलं नसेल असं मला वाटलं, पण त्यांनी हळूच त्याचा हात धरला आणि एरंडोल येईपर्यंत सोडला नाही. एवढ्या वर्षांत मी त्यांना त्याचा हात धरलेला पाहिला नव्हता. फोटो काढायला नेतानासुद्धा ते पुढे चालायचे आणि तो मागे.

सोमवारी मला जळगावला ड्यूटीवर परतायचं होतं. स्टँडकडे जाताना शाळेवरून वाट आहे. पावणेअकरा झाले होते, पोरं मैदानात खेळत होती. कुंदन हातोडा घेऊन व्हरांड्यातून आला. मी फाटकाशी थांबले. त्याने घड्याळ पाहिलं, घंटेकडे पाहिलं आणि दोन पावलं बाजूला सरकला. तिथून हात लांब करून, जगातले सगळे शिपाई वाजवतात तशी, त्याने घंटा वाजवली. आवाज मोठा आला असणार, कारण त्याने डोळे मिटून घेतले.

मग त्याला मी दिसले. तो फाटकापर्यंत आला.

"अक्का," तो म्हणाला, "आमले जळगावले कधय लई जाशी?"

मे महिन्यापासून मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होते. मी म्हटलं, दिवाळीला नेते, दोघांनाही. तो बरं म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, दुःखही नाही. नऊ वर्षांचा असल्यापासून त्या चेहऱ्यावर कशाची तरी वाट बघणं होतं, आणि मला ते इतकं सवयीचं झालेलं की ते नसताना तो मला क्षणभर ओळखू आला नाही.

पोरं रांगा करून वर्गात चालली होती. तीस वर्षं एकाच जागी उभं राहून घंटेखालची माती खोलगट झाली आहे, दोन पावलांच्या आकाराची. परवाच्या पावसाचं पाणी त्यात साचलं होतं. पोरं ती जागा वळसा घालून जात होती, कारण ती कुंदनची आहे हे त्यांना माहीत होतं.